लहान मुलांचा तीव्र इसब: सोलापूरच्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

ही माहिती साधारण तीन महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. औषधांची नावे ओळख व्हावी म्हणून दिली आहेत. कोणते, किती तीव्रतेचे आणि किती दिवस, हे मूल पाहिल्यावर डॉक्टरच ठरवतील.

हा इसबच आहे कशावरून? गजकर्ण किंवा खरूज असेल तर?

वय आणि जागा पाहा. वर्षाच्या आतल्या बाळाला इसब बहुधा गालांवर, कपाळावर, डोक्यात आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. लंगोटाखालचा भाग ओलसर राहत असल्याने बऱ्याचदा इसबापासून वाचतो. मूल चालू-पळू लागले की तो कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागे, मनगटावर आणि मानेवर सरकतो. त्वचा कोरडी, खरखरीत असते, खाज सतत असते आणि त्रास येतो-जातो.

खरुजेत खाज रात्री जास्त असते आणि घरातली इतर माणसेही खाजवत असतात. बोटांच्या बेचक्यांत आणि लहान बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर पुटकुळ्या दिसतात. एका खोलीत पाच-सहा जण झोपत असतील तर आणखी कुणाला खाज आहे का, हे आधी विचारावे, कारण खरुजेवर इसबाचे मलम महिनोन्‌महिने लावले तरी उपयोग नसतो. तिथे सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावावे लागते. गजकर्णाची कड उठावदार आणि गोल असते, मध्ये त्वचा साफ दिसते.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर इसब लालभडक दिसेलच असे नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो आणि बारीक दाण्यांसारखा हाताला लागतो. पुस्तकातल्या गोऱ्या बाळाच्या फोटोशी जुळत नाही म्हणून ‘इसब नाही’ असे ठरवू नका. बोटे फिरवून पाहा.

‘तीव्र’ कधी म्हणायचे?

डागांच्या आकारापेक्षा आठवडा कसा गेला ते मोजा. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज होती? किती रात्री झोपमोड झाली? किती दिवस रक्त आले, पाणी पाझरले, त्वचेला भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, त्वचा कोरडी राहिली? असे सात प्रश्न. प्रत्येकाला एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३ आणि रोज असेल तर ४ गुण. एकूण २८. बेरीज ८ ते १६ आली तर मध्यम, १७ किंवा जास्त आली तर तीव्र. दर रविवारी बेरीज कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘थोडे बरे आहे’ या शब्दांतून डॉक्टरांना फारसे कळत नाही. २१ वरून ११ वर आले, हे लगेच कळते.

मुळात होते कशामुळे? आमचे काही चुकले का?

नाही. काही मुलांची त्वचा जन्मतःच पाणी धरून ठेवत नाही. त्वचेच्या वरच्या थराला घट्टपणा देणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन काहींत आनुवंशिकतेने कमी असते. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर जास्तच चवताळते, खाज सुटते, खाजवल्याने त्वचा आणखी फाटते. आई किंवा बाबांना दमा, सतत सर्दी-शिंका किंवा लहानपणी इसब असेल तर शक्यता वाढते. आईने गरोदरपणात वांगे खाल्ले, बाळाला ‘उष्णता’ झाली, दूध ‘गरम’ पडले, यांपैकी कशानेही इसब होत नाही. तो संसर्गजन्यही नाही. अंगणवाडीत मुलाला वेगळे बसवण्याचे काही कारण नाही.

रोज आंघोळ घालावी का? आजी म्हणतात, पाण्याने वाढते.

पाणी अंगावरच सुकले तर वाढते. पाण्यानंतर लगेच मॉइश्चरायझर लागले तर उलट घडते. म्हणून रोज एकदा, पाच ते दहा मिनिटे, कोपर बुडवून कोमट लागेल एवढ्या पाण्यात. कढत पाणी नको. आपल्याकडे बाळाला वाफ निघेल अशा पाण्याने न्हाऊ घालायची सवय आहे, आणि इसबाच्या बाळाला ती सर्वांत जास्त बाधते.

साबण फक्त काख, जांघ, हात-पाय जिथे खरोखर मळतात तिथे, तोही बिनवासाचा, फेस न करणारा सौम्य क्लीन्झर. पाण्यात जंतुनाशकाचे झाकण ओतू नका. पांढरे होणारे ते पाणी फाटलेल्या त्वचेला भाजल्यासारखे झोंबते. डाळीचे पीठ, उटणे, हळद, साय यांनी घासणे बंद.

बाहेर काढल्यावर टॉवेलने टिपायचे, पुसायचे नाही. सोलापूरचा टर्किश टॉवेल पाणी छान शोषतो, पण नवा असताना खरबरीत असतो. बाळासाठी चार-सहा महिने धुऊन मऊ झालेला वेगळा काढा. अंग अर्धवट ओले असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. डबा आंघोळीच्या आधीच उघडून शेजारी ठेवला नाही तर ती तीन मिनिटे कपडे शोधण्यातच जातात.

नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचे पाणी जड आहे. सॉफ्टनर बसवू का?

त्यावर पैसे घालू नका. जड पाण्याच्या भागात इसब जास्त आढळतो, हे खरे. पण घरात पाणी मऊ करणारे यंत्र बसवल्याने मुलांचा इसब सुधारतो का, याची इंग्लंडमध्ये नीट चाचणी झाली, २०११ मध्ये निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, थर राहतो. तेव्हा साबण कमी करा, यंत्राच्या पैशांत वर्षभराचे मॉइश्चरायझर येईल. उजनीचे साठवलेले पाणी असेल तर बाळाच्या टबासाठी दहा-बारा लिटर बाजूला काढले की भागते. हौदाचा तळ मात्र साफ ठेवा.

मॉइश्चरायझर कोणते आणि किती?

बहुतेक घरांत उपचार ‘किती’ इथेच फसतो. वर्षाच्या बाळाचे पूर्ण अंग एकदा झाकायला साधारण ८ ते १० ग्रॅम लागते, म्हणजे चहाचे दोन चमचे. दिवसातून दोन-तीनदा धरले तर आठवड्याला १०० ते २०० ग्रॅम. मोठ्या मुलाला किंवा फार कोरड्या त्वचेला २५० च्या पुढेही जाते. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर बाळाला उपचार मिळतच नाही आहेत, मग ती कितीही महाग असो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: परवडेल असे, बिनवासाचे, मोठ्या डब्यात मिळणारे घ्या. लिक्विड पॅराफिन आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिनचे साधे क्रीम किंवा बिनवासाची पेट्रोलियम जेली पुरेशी आहे. सेरामाइड (त्वचेतही असणारा स्निग्ध घटक) असलेली क्रीम चांगली असतात, पण किमतीमुळे हात आखडता घ्यावा लागत असेल तर साधेच भरपूर लावलेले बरे. ‘हर्बल’, ‘बेबी’ आणि ‘नॅचरल’ हे शब्द पाहून घेऊ नका. पाठीमागे सुगंध किंवा परफ्यूम लिहिले आहे का, ते पाहा.

लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने. उलटसुलट चोळले तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. डब्यातून चमच्याने काढा. बोटे घातली की जंतू डब्यात जातात.

ऋतूप्रमाणे बदला. मार्च ते मे आपल्याकडे कडक उन्हाळा असतो, पारा अनेकदा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा दिवसा घट्ट पेट्रोलियम जेली लावली तर घाम कोंडतो, घामोळे उठते आणि खाज दुप्पट होते. उन्हाळ्यात दिवसा क्रीम, जेली फक्त भेगांवर. डबा फ्रिजमध्ये ठेवला तर गार क्रीमने खाजही थांबते. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास हवा कोरडी आणि गार असते, तेव्हा जेली किंवा ऑइंटमेंट.

एक इशारा. पॅराफिन मुरलेले कपडे आणि अंथरूण पटकन पेट घेतात, आणि धुतल्यावरही तो अंश पूर्ण जात नाही. दिवाळीच्या पणत्या, फटाके, गॅस, विडी-काडी यांपासून मूल दूर ठेवा.

खोबरेल चालेल का? मालीश, वेखंड, धुरी?

शुद्ध, बिनवासाचे, घाण्याचे खोबरेल तेल सौम्य कोरडेपणाला चालते. तीव्र इसबात ते एकटे पुरत नाही. मोहरीचे तेल नको, ते झोंबते. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगले असा समज आहे, पण ते त्वचेचा थर सैल करते. बदाम किंवा शेंगदाणा तेल फाटलेल्या त्वचेवर लावू नका. खाद्यपदार्थाची पहिली ओळख त्वचेतून झाली तर त्याचीच ॲलर्जी जडण्याचा धोका असतो.

मालीश हळुवार असेल तर हरकत नाही, रगडून नको. वेखंडाची पूड, पावडर, काजळाचे तीट इसबाच्या जागेवर नको. शेगडीचा शेक आणि ओवा-लसणीची धुरी पूर्ण बंद: उष्णतेने खाज वाढते, आणि ज्या मुलांना पुढे दमा व्हायची शक्यता जास्त त्यांनाच आपण धूर देत असतो. हे आजींना सांगायचे काम कठीण आहे. मालिशीचा वेळ आजींनाच द्या, फक्त हातात तेलाऐवजी क्रीमचा डबा द्या.

स्टिरॉइडचे मलम लावायला भीती वाटते.

भीतीला कारण आहे. ते आधी सांगतो. मेडिकलमध्ये ‘खाजेचे मलम’ म्हणून मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जोरकस स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असते. ते बाळाच्या चेहऱ्यावर महिनाभर लावले की त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती सहज मिळतात. ट्यूबवरची घटकांची ओळ वाचा, आणि असे मिश्रण बाळाला लावू नका.

पण योग्य तीव्रतेचे स्टिरॉइड, योग्य जागी, ठरावीक दिवस, हा तीव्र इसबाचा पाया आहे. चेहऱ्याला हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का किंवा डेसोनाइडसारखे सौम्य, बहुधा पाच ते सात दिवस. हातापायांच्या जाड, चिवट डागांना डॉक्टर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखे वरच्या तीव्रतेचे देतात, दिवसातून एकदा, बहुधा एक ते दोन आठवडे. पापण्यांवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच नाही.

कधी थांबायचे? लाली गेली म्हणून तिसऱ्या दिवशी नाही. बोट फिरवल्यावर डाग शेजारच्या त्वचेइतका सपाट आणि मऊ लागेपर्यंत. तिसऱ्या दिवशी थांबवले की आठव्या दिवशी परत येते, मग ‘स्टिरॉइडची सवय लागली’ असे वाटते. सवय लागलेली नसते, आग अर्धी विझवलेली असते.

मलम किती लावायचे? ‘पातळ थर’ म्हणजे किती?

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून जी पट्टी निघते तिला एक ‘बोटाचे माप’ म्हणू. ते साधारण अर्धा ग्रॅम असते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला: चेहरा आणि मान मिळून दीड माप, एक पूर्ण हात दीड, एक पूर्ण पाय दोन, छाती-पोट दोन, पाठ आणि ढुंगण तीन. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला याच क्रमाने एक, एक, दीड, एक, दीड. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दीड, दोन, तीन, तीन, साडेतीन.

हिशेब करून पाहा. दीड वर्षाच्या मुलाच्या पूर्ण अंगाला साडेतेरा मापे, म्हणजे जवळजवळ ७ ग्रॅम. सगळे अंग भरले असेल आणि १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर टिकली, तर औषध वाया गेले. उलट फक्त दोन कोपरांवर डाग असताना आठवड्यात ट्यूब संपली, तर जास्त लागते आहे. रिकाम्या ट्यूब फेकू नका, पुढच्या भेटीला घेऊन जा.

मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइड यांत पंधरा-वीस मिनिटे ठेवा. आधी कोणते, यावर भांडण्यात अर्थ नाही. घरात जे जमेल ते रोज तसेच करा. स्टिरॉइड फक्त डागांवर, मॉइश्चरायझर सगळ्या अंगावर.

बरे झाले, आता सगळे बंद करू?

मॉइश्चरायझर कधीच बंद करायचे नाही. आणि वारंवार एकाच जागी उलटणारा इसब असेल तर डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस, उदाहरणार्थ बुधवारी आणि रविवारी, त्या जुन्या जागांवर त्वचा साफ दिसत असतानाही मलम लावायला सांगतात. वरून साफ दिसणाऱ्या त्वचेखाली दाह शिल्लक असतो. अशा दोन दिवसांच्या पद्धतीने उलटण्याचे प्रमाण कमी होते, आणि वर्षभरात लागणारे एकूण स्टिरॉइडही अनेकदा घटते. चेहरा, मान, पापण्या यांच्यासाठी दोन वर्षांपुढच्या मुलांना टॅक्रोलिमस ०.०३ टक्के हे स्टिरॉइड नसलेले मलम देता येते. पहिले तीन-चार दिवस ते चुरचुरते. आधी सांगितले नाही तर पालक पहिल्याच रात्री बंद करतात.

इसब ‘आत दाबला’ की दमा होतो, असे ऐकले आहे.

इसबाच्या मुलांना पुढे दमा किंवा नाकाची ॲलर्जी होण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून हा समज टिकून आहे. पण दोन्हींचे मूळ एकच असल्याने ते मागोमाग येतात. मलमाने काही आत जात नाही.

बरे झालेल्या जागी पांढरे डाग राहिले. कोड आहे का?

नाही. दाह झाला की रंगपेशी काही काळ मंदावतात. डाग फिकट असतात, कोडासारखे दुधी पांढरे नसतात, आणि काही महिन्यांत भरून येतात. उन्हात आजूबाजूची त्वचा रापली की ते जास्त उठून दिसतात, एवढेच.

रात्री खाजवून रक्त काढते. काय करावे?

नखे आठवड्यातून दोनदा कापा आणि कडा घासून गुळगुळीत करा. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पंखा किंवा कूलर चालू, अंगावर जाड चादर नको. सोलापुरी चादर हवीच असेल तर तिच्याखाली जुन्या मऊ सुती साडीचा किंवा मलमलीचा थर द्या. ‘खाजवू नको’ म्हणून ओरडल्याने काही साधत नाही, खाजेच्या जागी थंड ओला रुमाल दाबून धरा.

झोपेचे सिरप म्हणून मिळणारी ॲलर्जीची औषधे इसबाची खाज फारशी थांबवत नाहीत, मूल फक्त गुंगीत राहते. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देऊच नये.

फार चिघळलेल्या काळात ओल्या कपड्यांची पद्धत गुणकारी असते, मात्र डॉक्टरांना विचारून. संध्याकाळी कोमट आंघोळ, डागांवर सांगितलेले मलम, सर्वांगावर मॉइश्चरायझरचा जाड थर. मग होजिअरीचा अंगाबरोबर बसणारा सुती सूट कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळून घालायचा, आणि वर तसाच कोरडा सूट. दोन-तीन तासांनी आतला कपडा वाळू लागला की स्प्रेने ओलसर करा किंवा काढून टाका. वाळलेला कपडा त्वचेला चिकटतो आणि ओढताना सोलवटतो. तीन ते सात रात्री पुरतात. ओल्या कपड्याखाली स्टिरॉइड कितीतरी जास्त शोषले जाते, म्हणून स्वतःच्या मनाने जोरकस मलम वापरून हे करू नका. पिवळा पू किंवा ताप असताना करू नका. थंडीत खिडक्या लावून करा, बाळ गारठू देऊ नका.

घरी विड्या वळतात, किंवा घरातच माग आहे. त्याचा संबंध आहे का?

तंबाखूची भुकटी आणि सुताची तूस दोन्ही खाजऱ्या त्वचेवर बसतात आणि चिडवतात. काम बंद करा, असे सांगून उपयोग नाही, ते पोटाचे आहे. सूप आणि तंबाखू बाळ झोपते त्या खोलीत नको. काम संपल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, वरची साडी किंवा गाऊन बदलून मगच बाळाला घ्या आणि मलम लावा. मागाच्या खोलीत झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. बाळाचे कपडे तूस उडते तिथे वाळत घालू नका. कपडे धुताना पावडर निम्मी आणि एक खळबळ जास्त. घरात विडी-सिगारेट ओढणे मात्र बंदच हवे.

अंडी, दूध, गहू बंद करू का?

मनाने नाही. तीव्र इसब असलेल्या काही लहान मुलांना खाद्याची ॲलर्जी असते, पण ती ओळखायची खूण निराळी आहे. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, उलट्या, खोकला किंवा घरघर. असे झाले तर तो पदार्थ बंद करून डॉक्टरांकडे जा. श्वास लागला किंवा मूल गळून गेले तर थेट आपत्कालीन विभागात.

नुसत्या रक्ततपासणीच्या यादीवरून पाच-सहा पदार्थ बंद करणे हा आमच्या मते सर्वांत मोठा घोळ आहे. इसबाच्या मुलांत ती तपासणी अनेकदा विनाकारण ‘पॉझिटिव्ह’ येते. दूध, अंडी, डाळी, गहू सगळे थांबले की वजन खुंटते, इसब तसाच राहतो. शिवाय पूर्वी पचणारा पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवून पुन्हा दिला तर खरी, जोरदार ॲलर्जी उद्भवू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईनेही उगाच पथ्य धरू नये.

शेंगदाण्याचे काय? सोलापुरात तर शेंगा चटणीशिवाय पान हलत नाही.

इथे आपल्याकडे एक सोय आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाणा नियमित देणे आणि पूर्ण टाळणे, असे दोन गट केले होते. पाच वर्षांच्या वयाला नियमित खाणाऱ्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्के कमी होती. म्हणजे ‘इसब आहे, शेंगदाणा मोठा झाल्यावर देऊ’ हा सल्ला उलटा ठरला.

तरीही तीव्र इसबाच्या बाळाला पहिला घास घरी आपणहून देऊ नका. आधी डॉक्टरांकडून त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आणि सल्ला घ्या. परवानगी मिळाली की बिनतिखट, बिनमिठाचा, भाजून साल काढून अगदी बारीक केलेला कूट पातळ पेजेत किंवा दह्यात कालवून द्या. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकाएवढा, दहा-पंधरा मिनिटे थांबून बाकीचा, मग दोन तास नजर ठेवा. पुढे आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण ८ ग्रॅम शेंगदाणा. सुरू केल्यावर मध्येच सोडू नका. चटणी नाही, तिच्यातले तिखट तोंडाभोवतीच्या त्वचेला झोंबते. अख्खा दाणा पाच वर्षांखालच्या मुलाला कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो.

दुसऱ्या बाळाला होऊ नये म्हणून काय करता येईल?

खात्रीचा उपाय नाही. जन्मल्यापासून रोज मॉइश्चरायझर लावले तर इसब टळेल, अशी मोठी आशा होती. २०२० मध्ये युरोपातल्या दोन मोठ्या अभ्यासांत तसे घडलेले दिसले नाही. गरोदरपणात अंडी-दूध टाळण्यानेही टळत नाही. कढत पाणी, साबण, धूर पहिल्यापासून दूर ठेवणे आणि पहिला खरखरीत डाग दिसताच उपचार करणे, एवढे हातात आहे.

जंतुसंसर्ग कसा ओळखावा? ब्लीचची आंघोळ सुरक्षित आहे का?

मधासारखे पिवळे खपले, पाझर, पू, अचानक वाढलेले दुखणे, ताप: बहुधा स्टॅफिलोकोकस जिवाणू. डॉक्टर तोंडाने अँटिबायोटिक देतील, इसबाचे मलम चालूच राहते.

दुसरा प्रकार आणीबाणीचा आहे. एकसारख्या आकाराचे, मध्ये खळी असलेले, दुखरे फोड झपाट्याने पसरतात, फुटून टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, मूल मलूल होते. हा नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, डोळ्याजवळ असेल तर तासही घालवू नका. हा विषाणू मोठ्यांच्या ओठाच्या कडेला येणाऱ्या फोडांतून पसरतो. असा फोड असलेल्या कुणीही, अगदी आजोबांनीही, बाळाचा मुका घेऊ नये.

वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलांना कधी कधी अगदी विरळ ब्लीचची आंघोळ सुचवतात. फायदा माफक आहे. प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे बिनवासाचे द्रावण २० लिटर पाण्यात २० मिलिलिटर, आठवड्यातून दोनदा, पाच-दहा मिनिटे, डोके वर ठेवून, नंतर साध्या पाण्याने धुऊन मॉइश्चरायझर. अंदाजाने बूच ओतणे, संडास साफ करायचे लिक्विड किंवा ब्लीचिंग पावडर वापरणे धोक्याचे आहे. डॉक्टरांनी मोजून दाखवल्याशिवाय करू नका.

लस टोचू का?

हो, सगळ्या, वेळेवर. सुई चिघळलेल्या जागेवर टोचू नये एवढेच. मूल प्रतिकारशक्ती दाबणारे औषध तोंडाने घेत असेल तर जिवंत लसीआधी डॉक्टरांना तसे सांगा.

इतके करूनही आटोक्यात नाही. पुढे काय?

आधी वरचे माप आणि दिवस खरोखर पाळले गेले का ते तपासा. पाळले असतील तर त्वचारोगतज्ज्ञ निदान पुन्हा तपासतात. वजन वाढत नसेल, न्यूमोनिया, कान फुटणे असे वारंवार होत असेल तर प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजारही पाहावे लागतात. त्यानंतर सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, ठरावीक रक्ततपासण्या करत. डुपिलुमाब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२२ पासून सहा महिन्यांच्या बाळांनाही मान्य आहे, पण महाग आहे. स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्या घेऊन आठ दिवसांत लख्ख बरे करणारा कुणी भेटला तर सावध राहा. औषध उतरले की इसब पहिल्यापेक्षा जास्त उसळतो.

सिव्हिलच्या ओपीडीला जाताना काय न्यावे?

सगळ्या ट्यूब आणि डबे, रिकामेसुद्धा, आणि गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या असतील तर त्याही. रविवारच्या बेरजांचे कॅलेंडर. सर्वांत वाईट दिवसाचा मोबाइलवरचा फोटो, दिवसा खिडकीच्या उजेडात काढलेला, कारण भेटीच्या दिवशी इसब हमखास शांत असतो. वाढीचा तक्ता आणि लसीकरणाचे कार्ड. त्या सकाळी मॉइश्चरायझर नेहमीसारखे लावा, पण पावडर, तीट, हळद काही नको. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून येत असाल तर एसटीत बाळाला खिडकीच्या उन्हात बसवू नका, आणि लहान डबीत मॉइश्चरायझर पिशवीत वरच ठेवा. रांगेत दोन-तीन तास जाऊ शकतात, आणि परतीच्या औषधांत मॉइश्चरायझर मोठ्या डब्यात लिहून मागा.